जुन्या टर्बोला ‘मोठे इंजेक्टर’: आधी आहेत ते तरी तपासा! (लांबलंय, पण राग आलाय)

तापीकाठ (सोमवार, रात्री १०:४०)

परवा जुन्या गाड्यांच्या एका ग्रुपवर ही पोस्ट फिरत आली. जशीच्या तशी देतो: “२००५ ते २०१२ ची कुठलीही टर्बो डिझेल. मोठ्या होलचे इंजेक्टर टाका, ३० टक्के ताकद वाढणारच. मॅपिंगची गरज नाही, एका दिवसात गाडी परत. कन्नड घाट तिसऱ्यात.” खाली अंगठ्यांचा पाऊस आणि आपल्याच गावातले दोघे-तिघे ‘भाऊ रेट सांगा’. मी तिथे दोन ओळी लिहिल्या तर ‘ग्रुपमध्ये नकारात्मकता नको’ म्हणून उडवल्या. म्हणून इथे लिहितो. कापूस विकून झालाय, वेळ आहे.

नवख्यांसाठी: टर्बो म्हणजे इंजिनात जादा हवा कोंबणारा पंखा, इंजेक्टर म्हणजे सिलिंडरमध्ये डिझेल फवारणारा भाग, मॅपिंग म्हणजे गाडीच्या कॉम्प्युटरमधले इंधनाचे आकडे बदलणं. माझा सगळा राग त्या ‘कुठलीही’ शब्दावर आहे. टवेराचा यांत्रिक पंप आणि महिंद्राच्या एमहॉक इंजिनची कॉमन रेल (सगळ्या इंजेक्टरना दाबाने डिझेल पुरवणारी एकच नळी) या दोन्ही ‘टर्बो डिझेल’च. पण एकीत पंप ढकलतो तेवढं डिझेल जातं, दुसरीत ईसीयू, म्हणजे गाडीचा कॉम्प्युटर, ठरवतो. आणि ईसीयू मिलिग्रॅम मोजत नाही हो. त्याच्याकडे तक्ता असतो: रेलमध्ये इतकं प्रेशर, इंजेक्टर इतके मायक्रोसेकंद उघडा, म्हणजे इतकं डिझेल. तुम्ही छिद्र मोठं केलंत की तक्ता खोटा ठरला. तो बिचारा समजतो चाळीस दिलं, सिलिंडरमध्ये पडतं पन्नास. मुख्य फवाऱ्याआधी जो एक-दोन मिलिग्रॅमचा छोटा फवारा जातो, ज्याच्यामुळे ही इंजिनं जुन्या ट्रॅक्टरसारखी टकटकत नाहीत, त्याची तर पार वाट लागते. सकाळी गाडी चालू केली की पांढरा धूर आणि ठोके. मग मालक म्हणतो, ‘आवाज दमदार झालाय’.

आता ताकदीचं. जादा डिझेल जाळायला जादा हवा लागते. टर्बो तोच, इंटरकूलर (टर्बोची हवा थंड करणारी जाळी) तोच, मग हवा आणणार कुठून? वर आपला मे महिना. २५ अंशांच्या हवेपेक्षा ४५ अंशांची हवा साधारण ६ टक्क्यांनी विरळ असते. म्हणजे पुण्या-नाशिकच्या डिसेंबरात जे सेटिंग ‘चालून गेलं’ ते भुसावळच्या मे महिन्यात चालेलच असं नाही. हवा संपली की उरलेलं डिझेल काळा धूर होऊन मागे जातं आणि एक्झॉस्टचं तापमान वर जातं. पिस्टन अॅल्युमिनियमचा असतो, वितळतो, कोणाच्या शब्दाला जागत नाही.

आमच्या चुलतभावाच्या २.६ सीआरडीई (म्हणजे कॉमन रेलच) स्कॉर्पिओला एका ठिकाणी असेच ‘मोठे’ टाकून दिले. आठ दिवस भाऊ हवेत. नवव्या दिवशी लग्नाचं वऱ्हाड, सात माणसं, टपावर सामान, एसी चालू, लळिंगचा चढ. तीन नंबरच्या पिस्टनला बोट जाईल एवढं भोक. बिल १ लाख १० हजार. ज्याने काम केलं तो म्हणाला, ‘ड्रायव्हरने गाडी दाबली.’ अरे, मग ताकद काय उभ्या गाडीत बघायची होती?

माझं म्हणणं एवढंच, की जुन्या गाडीला जी ताकद कमी वाटते ती बहुतेक वेळा मुळात होती आणि कुठेतरी गळतेय. इंटरकूलरचा पाइप चिरलेला असतो, ईजीआर (धूर परत इंजिनात फिरवणारा व्हॉल्व्ह) काजळीने बुजलेला असतो, एअर फिल्टरमध्ये जिनिंगचा कापूस बसलेला असतो. इंजेक्टरखालचा तांब्याचा वॉशर फुसफुसत असतो. रिटर्नच्या, म्हणजे इंजेक्टरमधलं उरलेलं डिझेल परत नेणाऱ्या, नळ्या चार बाटल्यांत सोडा, इंजिन चालू ठेवा, कोणती बाटली लवकर भरते ते बघा. तासाभराचं काम. ते न करता १८-२० हजारांचे ‘मोठे’ घ्यायला का धावता?

---

नोझलवाला_धुळे (सोमवार, रात्री ११:२५)

तापीकाठ भाऊ, बावीस वर्षं टेस्ट बेंचवर (इंजेक्टर काढून तपासायच्या मशीनवर) काढली आहेत. तुमच्या चुलतभावाचं इंजिन जळालं म्हणून आमचा अख्खा धंदा चोरांचा झाला का?

‘कुठलीही’ हा शब्द चूक आहे, मान्य. पण तुम्हीही सगळे एकाच टोपलीत टाकलेत. यांत्रिक पंपाची टवेरा असेल, पंप चांगला असेल, तर नोझल (इंजेक्टरचं छिद्रांचं टोक) अर्धा नंबर वर आणि पंपाचं सेटिंग जुळवून मी स्वतः गाड्या दिल्या आहेत, अजून पळतात. कॉमन रेलला मॅपिंगशिवाय हात लावत नाही. मॅपिंग झालं तरी दोन अटी: एक्झॉस्टला तापमानाचा मीटर बसवायचा, आणि काटा ७०० अंशांच्या वर राहायला लागला की पाय काढायचा. गिऱ्हाइकाला मीटरचे पैसे जड होतात. मोठे इंजेक्टर घ्यायला पैसे आहेत, ते इंजिन मारताहेत का हे दाखवणाऱ्या मीटरला नाहीत. यात आमचा काय दोष?

आणि चार बाटल्यांच्या टेस्टचं एवढं कौतुक करू नका. रिटर्न जास्त म्हणजे आतला व्हॉल्व्ह झिजला, एवढंच ती सांगते. फवारा कसा पडतो ते ती सांगत नाही. रिटर्न एकदम बरोबर आणि नोझल मात्र पिचकारीसारखी धार सोडतंय, असे इंजेक्टर माझ्याकडे आठवड्याला येतात. ती धार सिलिंडरच्या भिंतीवरचं ऑइल धुऊन टाकते, डिझेल खाली ऑइलमध्ये उतरतं. डिपस्टिकवर ऑइल वाढलेलं दिसलं की लोक खूश होतात, ‘गाडी ऑइल खात नाही’! तेव्हा बाटल्या लावा, पण नंतर बेंचवर आणा.

एक हात जोडून. नळी लीक आहे का ते बोट लावून बघू नका. त्या नळीत हजार-दीड हजार बार असतात, टायरमध्ये सव्वादोन असतात. डिझेल कातडीत घुसतं, वरून टाचणीएवढं दिसतं आणि आतून हात सडतो. आमच्याकडच्या एका पोराचं बोट थोडक्यात वाचलंय.

---

एरंडोल_सुसाट (मंगळवार, सकाळी ७:०५)

काका, एवढं गणित मांडून मांडून तुमची गाडी साठने चालते का? माझ्या स्कॉर्पिओत दोन वर्षांपासून मोठे आहेत. शिरपूर सोडलं की बिजासन घाटापर्यंत कोणी पुढे जाऊन दाखवावं. धुराचं म्हणाल तर मागच्याला दिवसा लाइट लावायला लागते, मजा येते भो. ज्यांना भीती वाटते त्यांनी एसटीने जावं.

---

सावद्याची_लेक (मंगळवार, सकाळी ८:३०)

@एरंडोल_सुसाट मागचा म्हणजे कोण माहितीये का? माझा ड्रायव्हर. केळीने भरलेली पिकअप, चढावर दुसऱ्यात, आणि समोर तुमच्यासारखा कोणीतरी काजळी फेकत निघून जातो. काच खाली असते त्याची, आमच्या पिकअपला एसी नाही. ‘मजा येते’ म्हणे.

आणि तापीकाठ, तुम्ही लिहिलंय ते घरी वाचून दाखवणार आहे. आमचा ड्रायव्हर तीन महिन्यांपासून ‘ताई, मोठे नोझल टाकून घेऊ, गाडी ओढत नाही’ म्हणतोय. मला वाटायचं तो बरोबर असेल, रोज चालवतो. काल फिल्टरचा डबा उघडायला लावला. आत चिमणीचं घरटं करता येईल एवढा कचरा. बदलला. आज म्हणतो, ‘ओढतेय थोडी.’ थोडी म्हणे! माझे अठरा हजार वाचले, त्यातले तुम्हाला भरीत-पुरी.

---

कलम५२ (मंगळवार, सकाळी ९:१०)

कोणी कायद्याचं बोलतच नाही. मोटार वाहन कायद्यात कंपनीने दिलेल्या गाडीत परस्पर बदल करायला मनाई आहे. २०१९ च्या दुरुस्तीनंतर मालकाला प्रत्येक बदलामागे ५ हजार दंड किंवा ६ महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. चार इंजेक्टर म्हणजे एक बदल की चार, यावर वकिलाला विचारून ठेवा. आणि पीयूसीला जुन्या डिझेलच्या धुराची मर्यादा ६५ एचएसयू (धुराच्या काळेपणाचं एकक), बीएस-४ ला ५०. सुसाट साहेब कुठून पीयूसी आणतात ते कळलं तर आम्हालाही कळवा.

---

एरंडोल_सुसाट (मंगळवार, सकाळी ९:२२)

पीयूसी जिथून सगळे आणतात तिथूनच. पुढे?

---

आरएस_जळगाव (मंगळवार, दुपारी १:४५)

टर्बो म्हटलं की फक्त डिझेल आणि स्कॉर्पिओ का हो? आमच्याकडे २००५ ची ऑक्टेव्हिया आरएस आहे, १.८ टर्बो पेट्रोल, एका सिलिंडरला पाच व्हॉल्व्ह. आमचा प्रश्न बरोबर उलटा आहे. डिझेलला जादा इंधन म्हणजे धूर. टर्बो पेट्रोलला बूस्ट (टर्बोच्या हवेचा दाब) वाढवून इंधन कमी पडलं तर नॉकिंग (इंधन अवेळी पेटून बसणारे ठोके), आणि पिस्टन तिथेही जातोच. म्हणजे आमच्याकडे मोठा इंजेक्टर ही कधी कधी चैन नसून गरज असते.

हिशोब सोपा आहे. ६००० आरपीएमला इंजिनचं एक पूर्ण चक्र २० मिलिसेकंदांत होतं. इंजेक्टरने त्यातले फार तर १७ उघडं राहावं, म्हणजे ८५ टक्के. त्याच्यावर तो बंद व्हायलाच वेळ मिळत नाही, नियंत्रण संपतं. काही जण इंधनाच्या दाबाचा ३ बारचा रेग्युलेटर काढून ४ चा लावतात आणि समजतात तेहेतीस टक्के वाढले. प्रवाह वर्गमुळात वाढतो, मिळतात फक्त १५. आणि काही महाभाग मोठे इंजेक्टर टाकून हवा मोजणाऱ्या सेन्सरची नळीच मोठी करतात, म्हणजे ईसीयूला हवा कमी दिसते, इंधनाचं गणित आपोआप जुळतं, मॅपिंगचे पैसे वाचतात. पण मग ईसीयूला वाटतं इंजिनवर लोड कमी आहे, तो स्पार्क लवकर देतो आणि भर बूस्टमध्ये खडखड. जुगाड तो जुगाडच.

कंपनीनेही हेच केलंय. ऑडी टीटीत याच १.८ टर्बोची २२५ हॉर्सपॉवरची आवृत्ती यायची, तिला इंजेक्टर मोठे होते. पण टर्बोही मोठा होता, इंटरकूलर दोन होते आणि मॅप वेगळा होता. मी चार वर्षांपूर्वी इंजेक्टर बदलले, मॅपिंग पुण्यात करून घेतलं, उत्तम चालू होतं. मग आलं ई२०, म्हणजे २० टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल. आता पुन्हा सगळं कमी पडतंय. इथेनॉलला हवा कमी आणि इंधन जास्त लागतं, त्यामुळे ८ टक्के जादा पेट्रोल द्यावं लागतं. माझे ८५ टक्क्यांवर चालणारे इंजेक्टर ९२ वर गेले. वर इंजेक्टरच्या ओ-रिंग (रबरी कडी) गळायला लागल्या, पार्किंगमध्ये पेट्रोलचा वास. सरकारने कोणाला विचारून आमच्या गाड्यांत दारू ओतली?

---

मका_शहादा (मंगळवार, दुपारी २:२०)

दारू? आमचा मका आहे तो!

वीस वर्षांची हौसेची गाडी, आणि रडगाणं आमच्या पिकावर. मक्यापासून इथेनॉल व्हायला लागलं म्हणून तर मक्याला विचारायला लागले. नाहीतर पोल्ट्रीवाले सांगतील तो भाव. देशाचे तेल आयातीचे डॉलर वाचतात ते वेगळेच. तुमच्या ओ-रिंगसाठी आम्ही परत ज्वारी-बाजरीवर जायचं का?

---

आरएस_जळगाव (मंगळवार, दुपारी २:५०)

भाऊ, मका पिकवू नका असं कोण म्हणतंय? मला निवड हवी. पंपावर दोन नळ असावेत, साधं आणि मिश्रित, वेगवेगळ्या भावाने. नीती आयोगाच्याच २०२१ च्या आराखड्यात लिहिलंय, की जुन्या चारचाकींचं अॅव्हरेज ६-७ टक्क्यांनी घटेल. इथेनॉलमध्ये पेट्रोलच्या दोनतृतीयांश ऊर्जा. मग लिटरचा भाव तोच का? कमी माल, पूर्ण पैसे. तुम्ही बाजार समितीत असं वजन सहन कराल?

---

मका_शहादा (मंगळवार, दुपारी ३:०५)

माले शिकाडू नको भाऊ. बाजारात काय सहन करतो ते ऐका. २०२५-२६ चा मक्याचा हमीभाव २४०० रुपये. माझ्या हातावर व्यापाऱ्याने टेकवले १६५०, ओलावा जास्त म्हणून. इथेनॉलचा पैसा वरच्या वर जातो, आमच्या शेतापर्यंत झिरपतच नाही.

---

आरएस_जळगाव (मंगळवार, दुपारी ३:१२)

म्हणजे मग तुम्हालाही फायदा नाही, मलाही नाही. तरी भांडतोय आपण दोघंच!

---

मका_शहादा (मंगळवार, दुपारी ३:३०)

फायदा नाही असं म्हटलं नाही. इथेनॉल नसतं तर १३०० टेकवले असते. तुम्ही ‘दारू’ म्हणालात ते खटकलं. शेतकऱ्याच्या घरात तो शब्द वेगळा लागतो.

---

आरएस_जळगाव (मंगळवार, दुपारी ३:४१)

शब्द मागे. ओ-रिंगचा मुद्दा नाही.

---

नोझलवाला_धुळे (मंगळवार, रात्री ९:१५)

दिवसभर बेंचवर होतो, इकडे पीकपाणी सुरू झालं. आरएस साहेब, आकड्यात थोडी गडबड आहे. ८ टक्के हा फरक शुद्ध पेट्रोल ते ई२० असा आहे. देशात १० टक्के मिश्रण जून २०२२ मध्येच झालं होतं. तुमचं मॅपिंग चार वर्षांपूर्वीचं, म्हणजे टाकीत तेव्हाच थोडंफार इथेनॉल असणार. मग तुमची खरी वाढ चारच्या आसपास, आठ नाही. ९२ नव्हे, ८८-८९ म्हणा.

आणि २० वर्षांची ओ-रिंग, जळगावचा ४५ चा उन्हाळा, बॉनेटखाली ऐंशी-नव्वद. तिला तडा जायला इथेनॉलच लागतं असं नाही. डिझेलच्याही जातात, त्यात कुठे मका आहे?

---

आरएस_जळगाव (मंगळवार, रात्री ९:४०)

ठीक, चार. पण कोणी छापून सांगितलं होतं का, की आजपासून दहाचे वीस झाले, मॅप तपासा? एप्रिल २०२३ पासूनच्या नव्या गाड्यांचं रबर आणि धातू ई२० साठी तयार आहेत. आमचं काय? ‘चालवून बघा’. ओ-रिंगवर तुमच्याशी वाद घालत नाही, कारण चारपैकी दोनच गळाल्या आणि त्या दोन मी बदललेल्या नव्हत्या. हे सांगायचं नव्हतं, पण सांगितलं.

---

भरीतपार्टी (मंगळवार, रात्री ९:५२)

एक चांगली बाजू कोणी सांगत नाही म्हणून सांगतो. ई२० चा ऑक्टेन (नॉकिंग रोखायची ताकद) ९५ आहे, पूर्वीचं साधं ९१ होतं. टर्बो पेट्रोलला नॉकिंग कमी व्हायला ते बरंच आहे. आरएस साहेब, नवीन मॅप करून घ्या, सरकारचे आभार मानाल.

---

आरएस_जळगाव (मंगळवार, रात्री १०:०१)

मॅपचे पैसे सरकार देणार असेल तर हार घालायलाही येतो.

---

नवापूर_लाइन (बुधवार, पहाटे ५:३०)

इनोव्हा टॅक्सी, २००९ ची. रात्रपाळीवरून येऊन वाचतोय. मका सोडा, मिश्रणाचाच विषय असेल तर ऐका. लॉकडाऊननंतर सुरत रोडला एका ठिकाणी ‘बायोडिझेल’ मिळायचं, लिटरमागे बरंच स्वस्त. सगळे भरत होते, मीही भरलं. दोन महिन्यांत गाडी सकाळी चालू होईना. चारही इंजेक्टर गेले. खऱ्या बायोडिझेलशी त्याचा काही संबंध नव्हता, काय होतं देव जाणे. वाचवले असतील आठ-नऊ हजार, गेले साठच्या वर.

नवे बसवले तर गाडी धक्के देत होती. मेकॅनिक म्हणे ‘सेट होईल’. महिन्याभराने दुसऱ्याने स्कॅनर लावला तेव्हा कळलं, इंजेक्टरच्या डोक्यावर छापलेला कोडच ईसीयूत टाकला नव्हता. पंधरा मिनिटांचं काम. मोठे इंजेक्टर राहू द्या, कंपनीचेच बसवताना कोड टाकतात का ते आधी विचारा.

---

तापीकाठ (बुधवार, सकाळी ७:००)

धन्यवाद, कोणीतरी इंजेक्टरवर बोललं. रात्री झोपलो तेव्हा विषय डिझेलचा होता, उठलो तर धाग्यावर ओलावा आणि हमीभाव.

सुसाट, तुमच्या प्रश्नाचं उत्तर राहिलं. माझी एमहॉक २०१० ची, २ लाख ८० हजार किलोमीटर, एकदाही इंजिन उघडलं नाही. साठने नाही, ऐंशीने चालते. तुमची किती झाली?

---

एरंडोल_सुसाट (बुधवार, सकाळी ७:४०)

दोन वर्षांत एक टर्बो बदलला. बाकी ओके.

---

सावद्याची_लेक (बुधवार, सकाळी ७:४३)

😂 ‘बाकी ओके’

---

एरंडोल_सुसाट (बुधवार, सकाळी ७:५०)

टर्बो तसाही जुना होता. हसा. आणि काका, तुम्ही दुसऱ्यांना ‘तपासा तपासा’ सांगता. तुमचे स्वतःचे इंजेक्टर शेवटचे कधी तपासले? तारीख सांगा.

---

नोझलवाला_धुळे (बुधवार, सकाळी ८:०५)

पोरगं पहिल्यांदा कामाचं बोललं.

---

तापीकाठ (बुधवार, दुपारी १२:३०)

गाडी उत्तम चालतेय, म्हणून कधी काढले नाहीत. ठीक आहे. रविवारी धुळ्यात येतो. चार बाटल्या मी आणतो, बेंच तुमचा. सगळं इथे लिहीन, लपवणार नाही.

---

भरीतपार्टी (बुधवार, दुपारी १२:३४)

वांगी बामणोदची आणतो. तेल कोणी आणा. खायचं, इंजिनचं नव्हे.

---

तापीकाठ (रविवार, सायंकाळी ६:१०)

बोललो होतो म्हणून लिहितो.

इंजिन गरम करून रिटर्न चार बाटल्यांत सोडलं. एक नंबर १८ मिली, दोन २०, चार १९. तीन नंबर ४६. मी गाडीत बसलो होतो, सुसाटने बाटली काचेसमोर धरून दाखवली. त्याचा चेहरा आयुष्यभर लक्षात राहील.

मग नोझलवाल्यांनी चारही बेंचवर लावले. तीन नंबर गेलेला होताच. पण एक नंबर, ज्याचं रिटर्न सगळ्यांत कमी, ज्याला मी मनातल्या मनात शाबासकी दिली होती, त्याची दोन छिद्रं काजळीने अर्धी बुजलेली. एका बाजूला नुसती धार. बाटलीने हे मला कधीच सांगितलं नसतं. तेव्हा बाटल्यांबद्दल जे ठासून लिहिलं त्यातल्या काही ओळी मागे घेतो. कोणत्या ते विचारू नका. ‘कुठलीही’ शब्दाबद्दल मात्र एक अक्षर मागे घेणार नाही.

तीन नंबर नवा, एकचं नोझल बदललं, चारही वॉशर नवे, कोड स्कॅनरने माझ्यासमोर टाकले. येताना गाडी तिसऱ्यातून चौथ्यात कधी गेली कळलं नाही. मला वाटत होतं वयामुळे आळसावली असेल.

---

नोझलवाला_धुळे (रविवार, सायंकाळी ६:४५)

मागे घेतलेल्या ओळी बिलात लिहायच्या राहिल्या. बाकी हिशोब चोख, माणूस चोख. आणि सुसाटची गाडीही बघितली. मोठे म्हणून जे विकले गेले ते मोठे नाहीतच. कंपनीच्याच मापाचे, जुने, घासून चमकवलेले आणि फवारा खराब. दोन वर्षं जो धूर ‘ताकद’ म्हणून मिरवला तो ठिबकणाऱ्या नोझलचा होता.

---

एरंडोल_सुसाट (रविवार, सायंकाळी ६:५८)

हे इथे लिहायची गरज होती का अण्णा?

---

कलम५२ (रविवार, रात्री ८:१५)

म्हणजे बदल झालाच नाही. दंड माफ.

---

मका_शहादा (रविवार, रात्री ८:३०)

आरएस साहेब भरीताला आले होते. गाडी भारी शे, खोटं नाही बोलणार. त्यांनी पंपाचं बिल दाखवलं, मी मका विक्रीची पट्टी. दोघांचंही पोट भरल्यावर भांडण पुढे चालू ठेवायचं ठरलंय.

---

सावद्याची_लेक (रविवार, रात्री ९:००)

@नोझलवाला_धुळे मंगळवारी पिकअप पाठवते, बुधवारी पहाटे केळी भरायची आहेत, तेव्हा त्याच दिवशी परत हवी. नोझल आहे त्याच मापाचे. ड्रायव्हरने काही वेगळं सांगितलं तर मला फोन लावा.